निपमक आजींचं पान आणि लालबागचे कावळे

आमच्या सुनेच्या आजींच्या पानाला कावळा शिवेना, यात आजींचा काही दोष नव्हता.

सून सारा अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्सची. निपमक जमातीची, म्हणजे तिथले मूळचे लोक. गोरे नंतर बोटीतून आले. निखिलने लग्न ठरवल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, ते लोक डोक्याला पिसं लावतात का? "बाबा, ती शाळेत गणित शिकवते," पोरगा थंडपणे म्हणाला. (पिसं असतात, पण सणासमारंभाला, हे नंतर कळलं. मी तरी फेटा रोज कुठे बांधतो!)

गेल्या डिसेंबरात ती निखिलबरोबर पहिल्यांदा लालबागच्या आमच्या चाळीत आली. चौथ्या दिवशी म्हणाली, आज स्वयंपाक माझा. जिने तिला वाढवलं त्या आजीला जाऊन वर्ष होत होतं. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र शिजवून त्यांच्याकडे सकटॅश करतात. या तिघी बहिणी, तिने सांगितलं. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, भोपळा खाली पानं पसरून माती ओली ठेवतो, एकीवाचून दुसरीचं चालत नाही. आमच्या हिला मोठं नवल वाटलं, कारण हिलाही दोन सख्ख्या बहिणी आहेत.

बाराला जेवण तयार झालं. साराने छोट्या ताटात सगळ्यातलं थोडं थोडं वाढलं आणि म्हणाली, हे आजीसाठी, बाहेर ठेवायचं. मला गहिवरून आलं. अहो, श्राद्धाला आपण कावळ्याला वाडी ठेवतो, तीच ही! त्यात तिने अजून सांगितलं, की मक्याचा पहिला दाणा त्यांच्याकडे कावळ्यानेच आणला. देवाच्या शेतातून, एका कानात मका आणि दुसऱ्या कानात घेवडा घालून. म्हणून कावळ्याने शेतातलं कणीस खाल्लं तरी जुनी माणसं त्याला मारत नसत. आता कावळाही निघाला म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? मी ताट गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, कावळा शिवेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही.

एक वाजला. दीड वाजला. एरवी लालबागचे कावळे माणसाच्या हातातली चपाती नेतात. त्या दिवशी दहा-बारा जण समोरच्या पत्र्यावर बसून आमच्याकडे नुसते बघत होते.

"काहीतरी इच्छा राहिली असणार त्यांची," ही हळूच म्हणाली. "नातीची काळजी असेल. कबूल करा काहीतरी."

मला घाम फुटला. पोरगी पहिल्यांदा आपल्या माणसासाठी पान मांडते आणि आमच्या दारात ते तसंच पडून राहतं, म्हणजे आजींना हे घर पसंत नाही! मी हात जोडले. भाषेची अडचण होती (आजींना मराठी येत नव्हतं, कावळ्याला इंग्रजी), म्हणून दोन्हींत बोललो. सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवणार नाही, म्हटलं. कावळे ढिम्म. टीव्हीचा रिमोट सोडीन, म्हटलं. एकाने मान तिरकी केली आणि तशीच ठेवली. तेवढ्यात शेजारचे परबकाका येऊन उभे राहिले.

"मोठा कायतरी बोल रे. असल्यान तो येवचो नाय."

मग मी चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात शपथ घेतली, की यापुढे जन्मभर या घरातला सकाळचा चहा मी करीन.

अडीचला परबकाकांनी वर बोट दाखवलं. हिच्या सुक्या मासळीच्या राखणीसाठी मीच आदल्या महिन्यात आणलेला प्लॅस्टिकचा मेलेला कावळा, ताटाच्या बरोबर डोक्यावर, उलटा लटकत होता! ज्यांनी उभ्या पिकातल्या कावळ्याला हात लावला नाही, त्यांच्या लेकीचं पान मी बुजगावण्याखाली मांडलं होतं. मी स्टुलावर चढून तो सोडवला आणि साराची माफी मागितली.

ती गोंधळून बघत होती. "बाबा, आम्ही थांबत नाही," ती म्हणाली. "ताट ठेवतो, आभार मानतो आणि जेवतो. मला वाटलं, थांबणं तुमच्या घरचं आहे."

अडीच तास आम्ही तिच्यासाठी उपाशी आणि ती आमच्यासाठी! मी विचारलं, आजींकडे मग मागायचं काय, कबूल काय करायचं? काहीच नाही, ती म्हणाली. फक्त आभार.

मी परत कठड्यापाशी गेलो. इतकी श्राद्धं केली, पण दर वेळी काहीतरी मागितलं नाहीतर काहीतरी कबूल केलं. नुसते आभार मानायचं कधी सुचलंच नव्हतं. "आजी, ही पोरगी आमच्याकडे पाठवलीत, थँक यू," एवढंच बोललो. साराने माझा हात धरला. गार झालेलं सकटॅश आम्ही टोप खरवडून खाल्लं. पानाला कावळा कधी शिवला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मुलं परत गेली. दिलेला शब्द मात्र मी पाळतो आहे. दर रविवारी सारा व्हिडिओ कॉल करते आणि आधी विचारते, "बाबा, चहा कोणी केला?" मी ऐटीत कप कॅमेऱ्यासमोर धरतो. गेल्या रविवारी हिने त्यातला एक घोट घेतला आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"सारा, तुझ्या आजींना सांग, यांना शब्दातून मोकळं करा. आम्ही काय पाप केलंय?"