धायरीचा भाऊ

येरवड्याला आमच्या शेजारी एक निवृत्त काका राहतात. रोज सकाळी गॅलरीत बसून ते मोठ्यानं बायबल वाचतात. शब्द अडखळला की ओळ पुन्हा पहिल्यापासून. स्वभाव मात्र तिखट. खाली कुणी हॉर्न वाजवला, की ओळीवर बोट ठेवून विचारतात, "अहो, आम्ही बहिरे दिसतो का?" आईच्या अंत्यविधीत धाकट्या भावाशी वाद झाला, तेव्हापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी क्षमेबद्दलचा भाग वाचता वाचता ते मध्येच थांबले. पुस्तक मिटून त्यांनी बूट घातले. "धायरीला जाऊन येतो. भावाकडे," मला म्हणाले.

संध्याकाळी जिन्यात भेटले. मी विचारलं, "भेटले का भाऊ?"

"भेटला. पण त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत. मी माफी मागितली, तर हसून म्हणाला, 'अहो, आपली ओळखच नाही, माफी कसली?'" मग कठड्याला धरून म्हणाले, "कितीदा वाचला असेल हो तो भाग. आधीच मनावर घ्यायला हवा होता."

आता दर रविवारी चर्चमधून ते परस्पर धायरीला जातात, आणि दर वेळी भावाला आपलं नाव सांगतात.