पॉपकॉर्नवर ठरणारा पिक्चर

मीरा रोडच्या आमच्या मल्टिप्लेक्समध्ये आठवड्याला चार पिक्चर लागतात, किस्से मात्र चाळीस जमतात! तिकीट खिडकीवर बसल्यामुळे सगळे आधी माझ्याकडे येतात.

कुठल्या पिक्चरला किती शो द्यायचे, हे आमचे मॅनेजर शहाभाई ठरवतात. लोक किती आले हे ते विचारतच नाहीत. विचारतात, "पॉपकॉर्न कितना गया?" खरी कमाई तिथेच ना! एकदा भुताचा पिक्चर जोरात चालला होता, पण घाबरून कोणी खाईना. मंगळवारी शहाभाईंनी त्याचे शो कापले. "भूत अच्छा है, पर धंदा नहीं करता!"

*

एका मोठ्या हिरोच्या फॅन क्लबने पहिला शो अख्खा बुक केला. बाहेर हाउसफुलचा बोर्ड, आत अकरा माणसं! कँटीन सांभाळणारा पालीचा डॉमनिक डोकावून आला आणि म्हणाला, "हाउसफुल हाय, पन मानूस न्हाय!"

*

आणि मग आले नवघरचे कांबळे. नोकरी सांभाळून पाच वर्षांत त्यांनी एक मराठी पिक्चर पूर्ण केला होता. त्याला सकाळी दहाचा एकच शो मिळाला. शुक्रवारी सात माणसं आली. शहाभाईंनी स्पष्ट सांगितलं, "संडे तक देखूंगा. मंडे को निकाल दूंगा."

शनिवारी कांबळ्यांनी अख्खी सोसायटी आणली. मी खूश! पण गेटवर पर्स तपासल्या, तर चिवड्याचे चौदा डबे निघाले. शहाभाईंनी कपाळाला हात लावला. कांबळे ओशाळून मला म्हणाले, "मॅडम, बायका ऐकतच नाहीत हो!"

*

रविवारी मात्र कमाल झाली. सिल्व्हर पार्कपासून कुठून कुठून अनोळखी माणसं आली आणि शो खरोखर फुल्ल झाला! डॉमनिकने इंटरव्हलसाठी पॉपकॉर्नचे चाळीस टब भरून ठेवले.

इंटरव्हल झाला. एकही माणूस बाहेर आला नाही! कांबळ्यांचा चेहरा उतरला.

"पब्लिक मर गई क्या?" म्हणत शहाभाई तावातावाने आत गेले.

इंटरव्हल संपला तरी ते बाहेर आले नाहीत. आले ते पिक्चर सुटल्यावर, गर्दीच्या अगदी शेवटी, चष्मा पुसत. कांबळ्यांना धीर धरवेना. "शहाभाई, उद्या शो आहे ना?"

शहाभाईंनी आयुष्यात कधी तिकीट काढलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून नोट काढून माझ्या खिडकीत सरकवली.

"कल दो शो लगाओ. और एक टिकट मेरा काटो. मेरा पहला हाफ बाकी है!"