विजयमालाचं लाख लावायचं मशीन

सेलूच्या बाजारात वडलांचं चांदीचं दुकान आता मी चालवते. लाखेशी माझी ओळख लहानपणापासूनची. पोकळ दागिन्यात लाख भरायची, ठोकायचा तुकडा राळेवर बसवायचा, कोंदणात न मावणारा खडा काडीला चिकटवून घासून घ्यायचा, हे आमच्या घरात भाकरी थापण्याइतकं रोजचं. लाखेच्या कामात मला कुणी थक्क करील असं वाटलं नव्हतं. चारठाण्याजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या विजयमालानं ते केलं.

तिचा नवरा अंगद माझ्याकडं खडे घेऊन यायचा. तरुणपणी खंभातच्या एका कारखान्यात तो अकीक घासायला शिकला होता. पुढं गावी परतला, घरची मेंढरं सांभाळू लागला. पण चालताना नजर कायम जमिनीवर. आमच्या भागात ओढ्याच्या पात्रात, नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यात अकीक सापडतो. आपण त्याला गारगोटी म्हणतो आणि पायानं बाजूला सारतो. अंगद तोच दगड कापून घासून आणायचा, तेव्हा आत कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या रेघा दिसायच्या. राखाडी, मधाळ, मधूनच पांढरी.

खडा नुसता बोटांत धरून चाकावर घासता येत नाही. बोटं सोलतात आणि खडा उडून जातो. म्हणून तो पेन्सिलीएवढ्या काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवतात. लाखेत विटेची वस्त्रगाळ पूड घालतात, म्हणजे पकड येते. खडा गरम, लाख गरम, आणि ती आळायच्या आत ओल्या बोटांनी खडा काडीवर नीट मधोमध बसवायचा. जरा तिरका बसला की एक कड जास्त झिजते आणि खडा वाया जातो. एका हातात काडी, दुसऱ्या हातात खडा. दोन्ही हात लागतात.

चार वर्षांपूर्वी अंगदचा डावा हात कडबा कुट्टीत गेला. मनगटापासून तुटला.

सहा-सात महिने तो आला नाही, म्हणून मीच एका दुपारी वस्तीवर गेले. पत्र्याची खोली. दारापाशी विजयमाला मशीनवर ब्लाउज शिवत होती. गावातल्या बायकांचे कपडे ती लग्नाआधीपासून शिवते. आत अंगद जमिनीवर बसला होता. दोन्ही तळपायांत काडी धरून, उजव्या हातानं तो तिच्यावर खडा बसवू पाहत होता. काडी निसटली. लाखेचा थेंब पायावर पडला. तो पुसून त्यानं काडी पुन्हा धरली. त्याच्या तळपायावर तसले कितीतरी डाग होते.

मला बघून ओशाळला. म्हणाला, "ताई, घासायला एक हात पुरतो. चिकटवायलाच पुरत न्हाई. बगा की, केवढ्याशा कामासाठी अडकलो."

विजयमालानं मान वर केली नाही. चहा मात्र लगेच ठेवला.

नंतर तिनं मला सांगितलं ते असं. आधी तीच त्याला मदत करायची. ती खडा धरायची, तो काडी टेकवायचा. पण दोघांचे दोन हात एकासारखे चालत नव्हते. "तुझा हात हलायलाय," तो ओरडायचा. तिला वाटायचं त्याचाच हलतोय. दिवसभरात दहा खडे लावले तर सात तिरके. मग तो चाक बंद करून भिंतीकडं तोंड करून बसायचा. हे सगळं चालू असताना तिचं शिलाईचं काम पडून राहायचं ते वेगळंच.

माझ्या त्या भेटीनंतर एक दिवस ती ब्लाउजची पट्टी शिवत होती. पट्टी संपली, तिनं मशीनच्या मागचा खटका वर केला, कापड काढलं, दुसरं सरकवलं, खटका खाली केला. कापड दाबून धरणारा पाय खाली येऊन टेकला. हे तिनं आयुष्यात किती हजार वेळा केलं असेल. त्या दिवशी तिचा हात तिथंच थांबला.

"मी तसंच चार-पाचदा वर-खाली केलं," ती मला म्हणाली. "दर बारीला त्याच जागी येतोय. केसभर इकडं न्हाई, तिकडं न्हाई. मला वाटलं, आपल्या घरात न हलणारा हात हाय की. आमी उगं एकमेकावर वरडायलोत."

तिचं पहिलं मशीन आतलं शटल झिजल्यामुळं बाजेखाली पडून होतं. ते तिनं बाहेर काढलं, रॉकेलनं पुसलं, तेल दिलं. पाय काढून टाकला. त्याच्या जागी मोडक्या छत्रीच्या दांड्यातली बोटभर नळी तारेनं घट्ट आवळली. नळीत काडी बसवली. पाय ज्या दांडीला असतो तिचा स्क्रू ढिला केला की दांडी आणखी वर उचलता येते, हे तिला मेकॅनिकनं कधीतरी शिकवलेलं. तेवढी जागा खड्याला पुरली.

अंगद दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "दगडाला आता काजं-बटनं करतीस व्हय?"

ती हसली नाही. "बसा गप," एवढंच म्हणाली.

पहिले कितीतरी दिवस जमलं नाही. काडी सरळ खाली यायची, पण खडा तिच्या बरोबर मधोमध ठेवायचा कसा? नजरेनं ठेवला तर चुकायचा. मग तिनं काडीच्या टोकाला कपड्यावर खुणा करायचा खडू घासला आणि खटका खाली केला. खालच्या पत्र्यावर पांढरा ठिपका उमटला. त्या ठिपक्याभोवती तिनं लोखंडी वायसर चिकटवलं. वायसरच्या भोकात खडा पालथा बसतो, पाठ वर. लहान खड्याला लहान वायसर, मोठ्याला मोठं. प्रत्येक मापाची वेगळी पत्र्याची पट्टी केली. मशीनवर ठोकलेल्या दोन खिळ्यांच्या मधे पट्टी सरकवली की भोक आपोआप काडीखाली येतं.

उष्णतेचं कोडं वेगळं होतं. चुलीवरच्या तव्यात खडे तडकायचे. तिनं जुनी विजेची इस्त्री लाकडी चौकटीत उलटी बसवली, तळ वर. त्यावर खडे मांडायचे. इस्त्रीच्या चकतीवर कापडांची नावं असतात. सुतीवर ठेवलं तर लाख उकळून फसफसते. रेशमावर बरी राहते. पण खडा आधी नायलॉनवर हळूहळू तापू द्यायचा आणि मगच रेशमावर न्यायचं, हे तिनं अकीकचे सतरा तुकडे फोडून शोधलं. प्रत्येक फुटका तुकडा तिनं डब्यात जपून ठेवला होता. मला एकेक दाखवून त्याचं काय चुकलं ते सांगितलं.

मग एका सकाळी तिनं अंगदला हाक मारली. "या, तुमीच लावा."

त्यानं उजव्या हातानं चिमट्यात खडा उचलला, वायसरमधे ठेवला. काडीच्या टोकाला दिव्यावर लाख तापवली, काडी नळीत अडकवली. त्याच हातानं मागचा खटका खाली केला. काडी उतरली, लाख दबली, कडेनं जराशी फुगून आली. लाख गार झाल्यावर त्यानं काडी काढली आणि चाकापाशी गेला. ते चाक त्यानं कूलरच्या मोटरवर बसवलेलं होतं.

"मला भ्या वाटायलं," विजयमाला म्हणाली. "मी आत जाऊन पीठ चाळीत बसले. नुसता चाकाचा आवाज ऐकू येत होता. तिरका असला की आवाज तुटतो. ह्यो तुटंना. लय टाइम झाला, तुटंना. मग चाक थांबलं. मी वाट बघायली की हे काहीतरी बोलतील. बोललेच न्हाईत. जाऊन बघितलं तर काडी हातात, अन् डोळ्याला पाणी."

त्यानंतर दोघं मिळून माझ्या दुकानात आले. तिनं पदराची गाठ सोडून माझ्यासमोर आठ खडे ठेवले. मी भिंग घेतलं. चांगल्या घुमटी खड्यावर उजेडाची एक रेघ असते. खडा फिरवला की ती न मोडता फिरते, घासताना खडा जरा जरी डोलला असेल तर ती रेघ मोडते. मी आठही खडे फिरवले. रेघ कुठंच मोडली नाही. अंगदचे दोन हात होते तेव्हाचे खडे माझ्या पेटीत होते. ते काढून शेजारी ठेवले. नवे सरस होते. मी बोलले नाही, तरी अंगदनं ओळखलं.

"सांगा ताई, सांगा," तो म्हणाला. "मला लाज न्हाई. खंभातला माझा उस्ताद असता तर त्यो हिच्या पाया पडला असता."

"कायतरीच," ती म्हणाली आणि पदर नीट करू लागली.

पुढच्या रविवारी मी ते मशीन बघायला गेले. काळं, रंग उडालेलं, पोटातलं सगळं काढलेलं. मी खटका वर-खाली करत राहिले. माझे आजोबा, वडील, मी, आम्ही तीन पिढ्या लाख हाताळत आलो. आमच्या घरीही शिलाई मशीन होतं. माझी आई त्यावर शिवायची, आणि पाचच पावलांवर वडील काडीवर खडा बसवताना बोटं भाजून घ्यायचे. आमच्यातल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. त्या खोलीत मला देवळात वाटतं तसं काहीतरी वाटलं. मी चप्पल बाहेर काढली होती हे मला बरं वाटलं.

"मला असं एक करून देशील?" मी विचारलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचे तर दोनी हात हायेत की, ताई."

"असू देत. तुझ्याइतके सरळ नाहीत."

दोन महिन्यांनी ती एसटीनं सेलूला आली. जिंतूरच्या मेकॅनिककडून तिनं एक मोडीतलं मशीन मिळवलं होतं, आणि पूर्ण प्रवासभर ते गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. दुकानात तिनं स्वतः जागा निवडली. पंख्याचा वारा लागत नाही अशी. स्क्रू पिळले, काडी बसवली, चारदा उतरवून बघितली. दर वेळी खाली वाकून एक डोळा मिटून बघायची. पाचव्यांदा सरळ उभी राहिली.

"हं, आता तुमी करा."

मी केलं. खडा लागला. मी काडी बोटांत फिरवली, आणि खडा जागच्या जागी फिरला, डोलला नाही. तीस वर्षांत माझ्या हातानं एकदाही असं झालं नव्हतं. मी तिच्याकडं बघत राहिले.

ती मात्र गोणपाटाची घडी घालत होती. वस्तीवरल्या बबिताचं लग्न होतं, तिचे पाच ब्लाउज शिवायचे बाकी होते, आणि तीनची गाडी चुकली असती तर मग थेट संध्याकाळीच होती.