खाटकिणीचा हात

मटणाच्या दुकानातल्या बाईला सगळी गल्ली सुरीमावशी म्हणे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणून आपल्या बायकोला विधवा करायची हौस कोणालाच नव्हती.

तिच्या एकुलत्या एका पोराला पंक्चरवाल्यानं मारलं. कॅरमच्या डावावरून जुंपली आणि यानं रागाच्या भरात त्याच्या डोक्यात लोखंडी पान्हा घातला. दोघे लहानपणापासूनचे जिगरी दोस्त. पंक्चरवाला मावशीच्याच ताटात जेवून वाढलेला. कोर्टाच्या जिन्यात तिनं त्याची मान धरून डोकं भिंतीवर असं आपटलं, की शिपायांनी ओढून काढेपर्यंत भिंत लाल झाली. "सुटून ये," ती ओरडली, "जिवंत नाही सोडत!"

गल्लीतल्या चर्चचे फादर सांत्वनाला दुकानात आले. "तुमच्या देवाचा पोरगा तिसऱ्या दिवशी उठला, माझा का नाही उठत?" म्हणत तिनं सत्तूर ओंडक्यावर हाणला. फादरांची बोटं थोडक्यात वाचली. ते पांढरेफटक पडले, पण हलले नाहीत.

"उठला, खरंय. पण त्याला हाल करून मारलं, तेव्हा त्याची आई समोर उभी होती. तिच्याशी बोला. मला मेल्याला काय कळतंय?"

म्हणून ती चर्चमध्ये जाऊ लागली. मेलेल्या पोराला मांडीवर घेतलेल्या मरियेच्या पुतळ्यासमोर बसायची आणि हलक्या आवाजात पंक्चरवाल्याला शिव्या मोजायची. डोळ्यांत टिपूस नाही. ती आई सगळं ऐकून घेई, उपदेश करत नसे. तेवढ्यानं मावशीला झोप लागू लागली. पंक्चरवाल्यासाठी पिशवीत ठेवलेली सुरी मात्र पिशवीतच राहिली.

मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, शेजाऱ्याचा हात धरून 'शांती असो' म्हणायची रीत. मावशी तेव्हा हात काखेत दाबून उभी राही. लोकांनीही तिचा नाद सोडला होता.

अशी काही वर्षं गेली. एका रविवारी नेमक्या त्याच वेळी मागच्या बाकावरून एक हात पुढे आला.

"शांती असो, मावशी."

तिनं वळून पाहिलं. पंक्चरवाला! शिक्षा भोगून आला होता. तिनं त्याचा हात पकडला आणि सगळा जोर लावून पिळला. बोट कट्‌कन मोडलं. पुढच्या रांगेतली बाई किंचाळली. पंक्चरवाला गुडघ्यावर आला, घामानं निथळला.

"ओढ हात!" मावशी दातओठ खात म्हणाली. दुसरा हात पिशवीत गेला होता. "ओढ की, मेल्या!"

"नाही ओढणार, मावशी."

आणखी एक बोट मोडलं. त्यानं ओठ चावून रक्त काढलं, पण हात तिच्याच हातात ठेवला.

मग मावशीच्या तोंडून असा हंबरडा फुटला की फादर वेदीवरच थबकले. पोर गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. पिशवी खाली पडली. बाकाला टेकून ती पोराचं नाव घेत राहिली आणि तो मोडका हात छातीशी धरून राहिली.

"शांती असो," ती शेवटी कशीबशी म्हणाली. नाक पुसलं. "ऊठ, डॉक्टरकडे चल. बोटं कुणी मोडली विचारलं तर मावशीनं मोडली म्हणून सांग. खोटं बोलू नकोस."