काकूंचं मीठ आणि काकांची जीभ

त्या बंदराच्या गावात ‘शाकाहारी’ म्हणजे मासा हळूच बाजूला काढलेलं कालवण. मी उतरलो होतो त्या हॉटेलात पपईच्या फोडींना आहेराइतके पैसे पडत. पपई खाऊन खाऊन मीच पिकायला आलो, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी मला टायरच्या दुकानावरचा जिना दाखवला. वर काकूंची खानावळ होती.

मोजकी टेबलं, निळ्या खिडक्या. बाहेर नारळाची झावळी हले आणि तिची सावली भातावरून, डाळीवरून, भोपळ्याच्या भाजीवरून सावकाश फिरे. पोटभर जेवलो तरी खिशाला पत्ता लागत नसे. जिना उतरताना आपण चालतोय की तरंगतोय, हे गरम वाराच सांगे.

काका गल्ल्यावर बसत. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोच्या एकाही पदार्थाला चांगलं म्हटलं नव्हतं.

“आज डाळीत जीव नाही.”

“तुमचा घालू का?” आतून उत्तर येई.

मग काकू तापाने पडल्या. बऱ्या होऊन परतल्या आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण एका दुपारी डाळीचा पहिला घास घेतला आणि वाटलं, समुद्रच जिना चढून आला. मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घास गिळला. कोणी चकार शब्द काढला नाही. ही खानावळ रुसली तर पुन्हा पपईच! सगळे गरीब गाईसारखे जेवत होते आणि म्हशीसारखं पाणी पीत होते.

काकू दारात आल्या. टेबलांवरचे तांबे त्यांनी एकेक करून हलवून पाहिले. सगळे रिकामे.

“खारट झालंय ना?”

“छे छे,” डॉक्टर म्हणाले, “उकडतंय फार.”

“तापानंतर जिभेला काही कळतच नाही मला. तुमच्या पाण्यावरून मिठाचा अंदाज घेत होते.” त्या काकांकडे वळल्या. “आणि तुम्ही हो? ताप उतरल्यापासून एकदासुद्धा नाव ठेवलं नाहीत! तेव्हाच मला शंका आली.”

“तुला वाईट वाटेल म्हणून...”

“आत्ताच बरं सुचलं! जाऊ दे. उद्यापासून चूल बंद. लोकांना छळून पोट भरायचं नाही मला.”

काका गल्ल्यावरून उठले. गल्ला उघडाच राहिला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बसायचं स्टूल उचलून ते आत चुलीपाशी घेऊन गेले.

“चूल बंद करायची नाही. इतकी वर्षं नावं ठेवली ती काय फुकट? सगळ्या चवी पाठ आहेत मला.”

काकू त्यांच्यामागे आत गेल्या. मग आतून भांडं घासल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे लवकरच येऊन बसलो. आतून बोलणं ऐकू येत होतं.

“कमी आहे.”

“किती?”

“चिमूटभर. थांब, माझी चिमूट नको. तुझी घाल.”

ताटं आली. काका आत बसून ओरडले, “भोपळा जरा जास्त शिजलाय!”

काकू हसल्या, आणि आम्ही जेवायला लागलो. तांब्यातल्या पाण्याला कोणी हात लावला नाही. त्यात नारळाच्या झावळीची सावली एकटीच हलत होती.