बंद कपाटांची वैरीण

बंद कपाट, न फोडलेलं खोकं आणि नव्या वस्तूवरचं प्लास्टिक यांचा माझ्या आत्याइतका द्वेष करणारी बाई उभ्या मुंबईत दुसरी नसेल, आणि असलीच तर तिच्या घरच्यांना माझा इथूनच साष्टांग नमस्कार. आत्या पालिकेच्या शाळांवरची अधिकारी. राज्याच्या शिक्षण खात्याकडून मुख्याध्यापकांसाठी मार्गदर्शक सूचना सुटतात, त्यांच्या मागोमाग गणिताच्या पेट्या, नकाशे, प्रयोगाचं साहित्य येतं. ते सगळं शाळाशाळांत पोचतंय का आणि पोचलेलं मुलांच्या हातात पडतंय का, हे बघणं तिचं काम. पोचायचं सगळं. हातात मात्र काही पडायचं नाही. काही हरवलं-फुटलं तर मुख्याध्यापकाच्या मानगुटीवर, म्हणून आलेलं साहित्य थेट कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. नोकरीला लागल्यापासून ती या किल्ल्यांशी भांडत आली, आणि ते भांडण ऑफिसातून घरी कधी आलं ते तिलाही कळलं नाही.

आमच्या अंधेरीच्या घरी शोकेसमध्ये आईचा लग्नातला बोनचायनाचा सेट होता. आई तो दिवाळीला पुसायची आणि परत ठेवायची. एकदा आई अंघोळीला गेली असताना आत्याने त्या कपातून गॅसवाल्याला चहा दिला. आई बाहेर आली, बघितलं आणि भिंतीला टेकली. आत्या चिडली की तिच्या तोंडून मधूनच मालवणी निघते. "वयनी, कप काय म्हातारे करूक ठेवलंस? वस्तू वापरायला असते. पुजायला देव आहेत ना तेहतीस कोटी!" बोरिवलीला मला मुलगी दाखवायला नेलं, तेव्हा मुलीची आई कौतुकाने पोह्यांची कृती सांगत होती आणि ही 'हो का, हो का' म्हणत बोलता बोलता त्यांच्या फ्रिजवरचं प्लास्टिक सोलत होती. लग्न जमलं, हे त्या लोकांचं मोठं मन. रिक्षातसुद्धा हिचे हात गप्प नाहीत. नव्या सीटचं कव्हर टरकन् फाटलं तेव्हा रिक्षावाला कळवळून ओरडला, "मॅडम, अभी नया है!" तर ही म्हणते, "इसीलिए तो निकाल रही हूँ, भैया!" हिच्यासोबत कुठे जायचं म्हणजे डोक्याला ताप, पण बरोबर गेलो नाही तर दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं.

मुख्याध्यापक तिला वचकून असत. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मॅडम निघाल्या' एवढं पडलं की शाळेत पळापळ. कपाटं सताड उघडी, पेट्या टेबलांवर, पोरांच्या हातात ठोकळे. पण हिला फसवणं सोपं नाही. ती पेटीकडे बघायचीच नाही, सरळ एखाद्या पोराला विचारायची, "काय रे, हे कशाला वापरतात?" पोरगं निरागस. "माहीत नाय मॅडम, आत्ताच काढलंय." की संपलं. मग ती खात्याच्या सूचना आरतीसारख्या घडाघडा म्हणायला लागायची आणि मुख्याध्यापक टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी राहायचे.

एकच माणूस तिला पुरून उरला होता. गोवंडीच्या शाळेचे मुख्याध्यापक सर. माणूस लाखात एक, मुलांवर जीव, पण भित्रा. त्यांच्या कपाटात खात्याकडून आलेला सूक्ष्मदर्शक होता आणि तो काही केल्या बाहेर येत नव्हता. "फुटला तर जबाबदार कोण? लेखी द्या मॅडम." आत्या म्हणायची, "खात्याने दिलंय की लेखी, मुलांच्या हाती द्या म्हणून!" सर म्हणायचे, "द्या असं आहे. फुटल्यावर काय, ते कुठे आहे?" आत्याची निवृत्ती जवळ आली तशी तिची झोप उडाली. "अरे, मी गेले की ते कपाट परत कोण उघडणार नाही. ती पोरं सूक्ष्मदर्शक चित्रातच बघत राहणार रे!" शेवटच्या दिवशी तिने मला रजा टाकायला लावली आणि माझ्या बाईकवर बसून आम्ही गोवंडी गाठली.

शाळेत सत्काराची तयारी. सगळी पोरं मांडी घालून बसलेली, सर शाल-श्रीफळ घेऊन पुढे आले. आत्याने हात मागे घेतले. "शाल नको सर. किल्ली द्या." सरांनी खिसा घट्ट धरला. पण सत्कारमूर्तीला भर सभेत नाही कसं म्हणणार? किल्ली आली. कपाटातून खोकं निघालं, त्यावर दर दसऱ्याचं हळदकुंकू, आत डांबराच्या गोळ्या, मग पंचा, मग मफलर! आत्या हसून हसून खुर्चीत बसली. एका मुलीने मेलेली मुंगी आणली. "मी आधी तपासतो," म्हणत सर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "मॅडम! अहो मॅडम, मुंगीच्या पायाला केस असतात!" पोरं ओरडायला लागली, "सर, उठा ना, आमचा नंबर!" सर हटेनात. दोन पोरांनी त्यांना अक्षरशः ओढून काढलं. मग जी झुंबड उडाली म्हणता! कोणी केस आणला, कोणी कांद्याची साल, कोणी साखर. त्या रेटारेटीत खालची काचपट्टी कट्कन फुटली आणि वर्ग चिडीचूप. सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी फुटके तुकडे रुमालात गोळा केले. "असू दे रे. काच आहे, फुटणारच. दुसरी घ्या." आत्याने पदर डोळ्याला लावला. शाळा सुटेपर्यंत रांग संपली नाही.

परत येताना आत्या मागे गप्प बसून होती. ही बया गप्प म्हणजे मला धडकीच भरली. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "सगळ्यांनी बघितलं रे. गेटवरच्या शिपायानेसुद्धा. माझाच नंबर आला नाही. घंटा झाली."

"मग उद्या जाऊन बघ ना, आत्या. सर काय नको म्हणणार आहेत?"

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "उद्या? उद्या मी कोण म्हणून जाऊ रे, मेल्या?"

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारत होते.