कापसाचा खोकला

आधीच सांगून ठेवते, मला सल्ला द्यायची खोड आहे. कोणी विचारो, न विचारो. भाजीवाल्याकडे एखादी बाई किडकी वांगी पिशवीत टाकताना दिसली की मी मध्ये तोंड घालायचेच. माझी सून प्रिती म्हणायची, "आई, तुम्ही सगळ्या लालबागचा ठेका घेतलाय का?" घेतला होता, बाय. आता मी भाजीवाल्यासमोर मुकाट उभी राहते आणि प्रितीला वाटतं, माझं बीपी वाढलंय.

मला मालनबद्दल सांगायचंय. मालन तांबे, राहणार नायगाव, चाळीत दुसरा मजला. मी बकुळा परब. आम्ही दोघी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होतो. ते बायकांचं खातं. सूत कोनवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळीवर, गुंडाळायचं काम. तिचं मशीन माझ्या मशीनला लागून. आवाज एवढा की शेजारीण ओरडली तरी ऐकू येत नसे, म्हणून आम्ही एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायचो. आठ तास उभं राहून बिनआवाजाच्या गप्पा. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या नवऱ्याने कोणाला मारलं, सगळं. सुपरवायझर मेला समोर उभा असायचा आणि त्याचीच नक्कल चाललेली त्याला पत्ता नसायचा. मालन तर एवढी हसायची की तिचा धागा तुटायचा.

मालन स्वभावाने गरीब. काहीही करायचं झालं की आधी मला विचारणार. संपानंतरच्या वर्षी तिचा नवरा, शिवा, काविळीने गेला. पोरगी संघमित्रा पाच वर्षांची. दीर गावाहून आला आणि म्हणाला, खोली सोड, गावी चल. मालन माझ्याकडे आली, दारात उभी राहून म्हणाली, "बकुळे, काय करू?" मी म्हटलं, "खोली सोडलीस तर तुझं थोबाड बघणार नाही. पोरीला इथेच शिकव." ती राहिली. गिरणी चालू होती तोवर गिरणीत, मग दादरला एका पाळणाघरात पोरं सांभाळली. संघमित्रा शिकली, सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये लागली, अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं. मालनच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे करायचं तेही मीच सांगितलं. डोळा लख्ख झाला. मालन चारचौघींत सांगायची, "बकुळा म्हणाली म्हणून." मला आवडायचं हो ते. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

म्हातारपणी आमचा नेम ठरलेला. दुपारी चारला परळच्या बागेत, पिंपळाजवळच्या बाकड्यावर. ती नायगावहून चालत यायची, मी लालबागहून. तिच्याकडे नायगावच्या बातम्या, माझ्याकडे आमच्या टॉवरच्या. चाळ पाडून आम्हाला सोळाव्या मजल्यावर टाकलंय, तिथे शेजारी कोण मेलं तेही वॉचमनकडून कळतं. तरी मी बातम्या काढायचे. कोणाचा गुडघा बदलला, कोणाची सून वेगळी झाली, शुगरला कुठली भाकरी चालते. दोन तास तोंडाचा पट्टा चालू. साडेसहाला डास चावायला लागले की उठायचो.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास ती खोकायला लागली. कोरडा, खालून येणारा खोकला. मी ऐकल्या ऐकल्या म्हटलं, "हा कापूस गो."

आता ज्यांनी गिरणी बघितली नाही त्यांना हे कसं सांगू. खात्यात कापसाचा भुगा सतत उडत असायचा. केसांत, भुवयांत, डब्यातल्या भातावर. आम्हा सगळ्यांनाच खोकला होता. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती गच्च भरायची, मंगळवारी जरा मोकळी, शनिवारपर्यंत माणूस ठीक. पुन्हा सोमवारी तेच. म्हणून आम्ही त्याला सोमवारचा खोकलाच म्हणायचो. पदराला गुळाचा खडा बांधलेला असायचा. गूळ खाल्ला की कापूस खाली उतरतो, असं जुन्या बायकांनी आम्हाला सांगितलं आणि आम्ही नव्यांना.

तर मी मालनला विचारलं, "सोमवारी जास्त येतो काय?"

तिने जरा विचार केला. "हो बाई. सोमवारी जास्तच येतो."

गिरणी बंद होऊन पंचवीस वर्षं झालेली. कसला सोमवार नि कसला शनिवार! दोन बिनकामाच्या म्हाताऱ्या, आम्हाला सगळे वार सारखे. पण माझ्या टाळक्यात हे आलं नाही. मी ऐटीत मान डोलवली आणि म्हटलं, "मग झालं तर. रोज गूळ खा. छातीत बसलाय तो, सुटेल हळूहळू."

ती गूळ खायला लागली. एप्रिलपर्यंत तिचा ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागला. चौदा तारखेला जयंतीच्या मिरवणुकीला ती दरवर्षी पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, यंदा जिना उतरून खाली आली आणि तिथल्याच पायरीवर बसून राहिली. संघमित्राने एक्स-रेची चिठ्ठी आणली. मालन म्हणाली, बकुळा म्हणाली तर जाईन. तशी पोरीने मला फोन केला.

"मावशी, तू तिला एकदा सांग ना. माझं ऐकत नाही गं ती."

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "अगो, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हा खोकला ओळखते. तुम्हा आजकालच्या पोरांना शिंक आली तरी मशीनखाली जायचं असतं. म्हातारीला उगाच घाबरवू नकोस." पोरगी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी प्रितीला ही गोष्ट हसून सांगितली. प्रिती म्हणाली, "आई, काढला फोटो तर काय बिघडेल?" मी तिलाही झापलं.

मे महिन्यात एकदा बाकड्यावर बसल्या बसल्या मालनने रुमाल उघडून मला दाखवला. लाल ठिपका होता, लहानसा. मलाच दाखवला, पोरीला नाही. मी म्हटलं, "गुळाने उष्णता झाली. चार दिवस गूळ बंद, धने-जिऱ्याचं पाणी पी." तिने रुमालाची नीट घडी घातली, कंबरेला खोचला आणि मला सुनेची बातमी विचारली.

त्या वेळी मला शंका आली नाही का? आली. पण एवढे महिने एक बोलून आता दुसरं कसं बोलायचं? माझ्या शब्दाला मान होता ना! तो घेऊन बसले मी.

ऑगस्टमध्ये बागेच्या फाटकातच तिला घेरी आली. माळ्याने पाणी मारलं. संघमित्रा टॅक्सी घेऊन आली, माझ्याकडे न बघता आईला उचलून घेऊन गेली. आठ दिवसांनी रिपोर्ट आले. फुप्फुसात गाठ. कॅन्सर. पसरायला लागलेला. डॉक्टरांनी संघमित्राला सांगितलं की एप्रिलमध्ये आणलं असतं तर कापून काढता आली असती. आता ऑपरेशन नाही, पण लगेच सलाईनमधून औषधं सुरू केली तर वर्ष, कदाचित दोन वर्षं मिळतील. या महिन्यातच सुरू करायला हवं.

आणि मालन नाही म्हणाली. अँटॉप हिलला पोरीच्या क्वार्टरमध्ये खाटेवर बसून म्हणाली, "हे कालचे डॉक्टर, ह्यांनी गिरणी कुठे बघितली? कापूस आहे माझ्या छातीत. बकुळाला विचारा."

संघमित्राचा फोन आला. "मावशी, ये. जे बोललीस ते तुझ्या तोंडाने मागे घे. दुसऱ्या कोणाचं ती ऐकणार नाही." एवढंच. फोन कट.

मी बस पकडून गेले. वाटेत शब्द जुळवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला शब्द जुळवावे लागत होते. मालन खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेली, एवढीशी झालेली. मला बघून तोंडभर हसली. "आलीस? सांग आता ह्या पोरीला."

मी तिच्या शेजारी बसले. हात हातात घेतला. म्हटलं, "मालन, तो कापूस नाही. मी चुकले. मला काही कळत नव्हतं, मी उगाच बोलले. गाठ आहे ती. तू औषधं घे."

तिचं हसू तसंच राहिलं. तिला वाटलं, मी मस्करी करतेय. मग तिने दाराकडे बघितलं, तिथे संघमित्रा उभी होती. मग पुन्हा माझ्याकडे.

"हिने पढवलं तुला."

"नाही गो. शप्पथ."

"बकुळे, मी तुला आज ओळखते काय? पन्नास वर्षं तुझे ओठ वाचलेत मी. तू असं पडतं घेऊन बोलत नाहीस कधी. पोरीने रडून दाखवलं म्हणून तू आलीस."

मी रडले. तिचे पाय धरले. म्हटलं, "अगो, माझ्या अभयची शप्पथ घेते, माझा एकुलता एक पोर, त्याची शप्पथ!" तिने पाय ओढून घेतले. म्हणाली, "मुलाची खोटी शप्पथ घेतेस? माझ्यासाठी? जा घरी."

मग मी रोज जायला लागले. रोज तेच सांगायचे, आणि जितकं सांगेन तितकी ती घट्ट होत गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाली, "बसायचं तर बस. पण त्या विषयावर बोलायचं नाही." बसले. मी बातम्या काढल्या, टॉवरमधल्या, लालबागमधल्या, खऱ्या, बनवलेल्या. ती भिंतीकडे बघत ऐकायची. स्वतःहून एक बातमी तिने मला सांगितली नाही. काही म्हणजे काही विचारलं नाही. पाणी प्यावं की नको हेसुद्धा माझ्या देखत पोरीला विचारायची.

महिना उलटला. मग डॉक्टरच म्हणाले, आता औषध देऊन उपयोग नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती गेली. मी बसमध्ये होते.

सातव्या दिवशी नायगावच्या विहारात जलदानविधी होता. भंतेंनी वंदना घेतली, फोटोला फुलं वाहिली. त्यांच्यात विधी झाला की माणसं एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. संघमित्राच्या ऑफिसातला साहेब बोलला. चाळीतला कोंडीराम बोलला, त्याला रडू आवरेना. पाळणाघरात वाढलेली मृणालिनी आता डॉक्टर झालीय, ती दादरहून मुद्दाम आली होती. मालनआजीने मला जेवायला शिकवलं, म्हणाली.

मी मागे चटईवर बसले होते. मी ठरवूनच आले होते. सगळ्यांसमोर सांगायचं, ही बाई माझ्यामुळे गेली. पोरगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती आणि मी तिला झिडकारलं. मालनने नाही ऐकलं, निदान ह्या माणसांनी तरी ऐकावं.

संघमित्रा माईक हातात घेऊन म्हणाली, "आणखी कोणाला बोलायचंय?"

मी गुडघ्यावर हात टेकून उठले. पुढे जायला लागले. माणसं पाय बाजूला घेऊन वाट देत होती. कोणीतरी म्हणालंही, ह्या गिरणीतल्या मैत्रीण, बोलू द्या त्यांना.

संघमित्राने मला बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. आवाज चढवला नाही, काही नाही. माईक तोंडापासून लांब धरून, फक्त मला ऐकू जाईल एवढंच म्हणाली.

"मावशी, तुम्ही बसा. तुम्ही खूप बोललात."

मी होते तिथेच खाली बसले.